मध्यरात्रीचे नागपूर : हवाई अंतर आणि टपालाची चौफुली (१९४९–१९७३)

नागपूरच्या धंतोली भागात उभे राहिले म्हणजे या शहराच्या मध्यवर्तित्वाची दोन निरनिराळी साक्षीस्थळे दोन बाजूंना येतात. उत्तरेस, पायी वीस-पंचवीस मिनिटांच्या वाटेवर, शून्य मैलाचा स्तंभ आहे. नैर्ऋत्येस, धंतोलीच्या कडेने जाणाऱ्या वर्धा रस्त्याने पुढे गेले की सोनेगावचा विमानतळ लागतो; सरळ रेषेत तो येथून पाच-सहा किलोमीटरांवर असेल. यांपैकी पहिल्या स्थळाची कीर्ती मोठी. नागपूर हे भारताच्या मध्यावर आहे आणि देशातील सर्व अंतरे येथून मोजली जात, असे त्या स्तंभाकडे बोट दाखवून सांगण्याची चाल पडली आहे. दुसऱ्या स्थळी जे पावणेपंचवीस वर्षे दर रात्री घडत होते त्याचा उल्लेख शहराच्या इतिहासात क्वचितच, आणि तोही एखाद्या वाक्यापुरता, येतो. वस्तुतः नागपूर देशाच्या मध्यावर होते हे विधान ज्या काळाबद्दल आणि ज्या अर्थाने खरे ठरते, तो काळ आणि तो अर्थ सोनेगावचा आहे, स्तंभाचा नव्हे. प्रस्तुत लेखाचा विषय एवढाच आहे.

प्रथम स्तंभाविषयी. तेथे दोन वस्तू शेजारी शेजारी आहेत आणि त्यांची गल्लत नेहमी केली जाते. एक म्हणजे भारतीय त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची १९०७ साली बसविलेली खूण. ती उंचीची खूण आहे. समुद्रसपाटीपासून ती जागा किती उंच आहे हे निश्चित करून तिच्या आधाराने आसपासच्या प्रदेशाची उंची मोजावी, हा तिचा हेतू. दुसरी वस्तू म्हणजे वालुकाश्माचा तो स्तंभ, ज्याच्या अंगावर निरनिराळ्या गावांची अंतरे कोरलेली आहेत. ही गावे कोणती हे वाचण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही. त्यांत हैदराबाद, चांदा, रायपूर, जबलपूर, सिवनी, छिंदवाडा, बैतूल ही नावे आढळतात. मुंबई नाही, कलकत्ता नाही, मद्रास नाही, दिल्लीही नाही. अंतरे मैलांत असून काही ठिकाणी ती मैलाच्या अष्टमांशापर्यंत, म्हणजे फर्लांगापर्यंत, दिलेली आहेत. फर्लांगापर्यंत काटेकोर असलेले असे अंतर रस्त्याचेच असणार. तेव्हा हा स्तंभ सबंध देशाच्या अंतरांचा आरंभबिंदू नसून एका प्रांताच्या राजधानीतून निघणाऱ्या वाटांचा फलक आहे, असे म्हणणे अधिक सयुक्तिक होय. देशाचा भौमितिक मध्य म्हणावे तर फाळणीनंतरच्या भारताचा तो मान मध्य प्रदेशातील करौंदी या खेड्याला दिला जातो आणि तेथे तसे स्मारकही उभारलेले आहे.

मात्र या स्तंभाने एक उपयुक्त प्रश्न उभा केला आहे. दोन दूरच्या शहरांमधील अंतर म्हणजे नेमके काय? स्तंभावर हैदराबाद ३१८ मैल, म्हणजे सुमारे ५१२ किलोमीटर, आहे. सोनेगावहून बेगमपेठच्या जुन्या विमानतळापर्यंत आकाशातून जाल तर ते सुमारे ४१० किलोमीटर भरते. शहरे तीच, अंतरे दोन. पहिल्यात नद्यांचे उतार, घाट आणि मुक्कामाची गावे धरलेली आहेत. दुसऱ्यात पृथ्वीच्या गोलाईखेरीज काहीच धरलेले नाही. गोलावरील दोन बिंदूंमधून जाणारे आणि गोलाच्या केंद्रालाच आपले केंद्र मानणारे जे वर्तुळ, त्याला बृहद्वृत्त म्हणतात. त्याच्या लहान कमानीची लांबी म्हणजे हवाई अंतर. पृथ्वीच्या गोलावर दोन शहरांवर बोटे ठेवून त्यांमध्ये दोरा घट्ट ताणावा, तो ज्या वाटेवर बसेल ती वाट ही. नकाशावर ओढलेली सरळ रेषा आणि हा दोरा एकच नव्हेत. मुंबई–कलकत्ता या मार्गावर मधल्या भागात दोऱ्याची वाट नकाशावरील रेषेच्या जवळजवळ वीस किलोमीटर उत्तरेस जाते.

पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर मानून आणि त्या त्या शहरांच्या विमानतळांचे अक्षांश-रेखांश घेऊन प्रस्तुत लेखकाने काही अंतरे काढली आहेत. पृथ्वी पूर्ण गोल नसल्यामुळे त्यांत थोडा फरक संभवतो. पण येथील विवेचनास तो बाधक नाही. मुंबई ते कलकत्ता हे अंतर १,६६६ किलोमीटर येते. दिल्ली ते मद्रास १,७६१. आता याच मार्गांवर नागपूरला उतरून पुढे जावयाचे ठरविले तर काय होते ते पाहावे. मुंबई–नागपूर ६८३ आणि नागपूर–कलकत्ता ९८५, मिळून १,६६८. दिल्ली–नागपूर ८५५ आणि नागपूर–मद्रास ९०८, मिळून १,७६३. म्हणजे दीड-पावणेदोन हजार किलोमीटरांच्या प्रवासात नागपूरचा वळसा दोन्ही मार्गांवर अवघा दोन दोन किलोमीटरांचा! गणित करून पाहण्यापूर्वी वळसा थोडा असेल अशी अपेक्षा होती. इतका थोडा असेल असे वाटले नव्हते.

याचे महत्त्व भूमितीच्या एका साध्या सिद्धांताने स्पष्ट होते. चार शहरे चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर आहेत आणि त्या चारही शहरांपासूनच्या अंतरांची बेरीज कमीत कमी होईल असे एक स्थान शोधावयाचे आहे, असे समजा. ते स्थान चौकोनाच्या दोन कर्णांचा छेदबिंदू हेच असते. सिद्धता दोन ओळींत होते. कोणतेही स्थान घ्या. तेथून मुंबई आणि कलकत्ता यांच्या अंतरांची बेरीज मुंबई–कलकत्ता या कर्णाहून कमी असू शकत नाही, तसेच दिल्ली आणि मद्रास यांच्या अंतरांची बेरीज दुसऱ्या कर्णाहून कमी असू शकत नाही. आणि दोन्ही बेरजा एकाच वेळी किमान होतात त्या फक्त छेदबिंदूपाशी. आपल्या चौकोनाच्या दोन कर्णांची बेरीज ३,४२७ किलोमीटर आहे. नागपूरपासून चारही शहरांच्या अंतरांची बेरीज ३,४३१ आहे. याचा अर्थ असा की, या चार शहरांपुरते पाहिले तर देशातील दुसरे कोणतेही गाव नागपूरवर चार किलोमीटरांहून अधिक मात करू शकत नाही. अशा निर्विवाद विधानाची संधी इतिहासाच्या अभ्यासकाला फारशी मिळत नाही, म्हणून ते येथे मुद्दाम नोंदविले आहे.

परंतु येथेच सावध झाले पाहिजे. हे वैशिष्ट्य नागपूरच्या भूमीत आहे की त्या चार शहरांच्या निवडीत? भूमी तर भोसल्यांच्या काळीही तेथेच होती. कलकत्ता, मुंबई आणि मद्रास ही तीन शहरे कंपनी सरकारच्या इलाख्यांच्या राजधान्या म्हणून, समुद्राच्या काठाने, वाढली. त्यांत दिल्लीची भर १९११ मध्ये राजधानी हलविण्याचा निर्णय झाल्यानंतर पडली. त्या आधी चौकोन नव्हताच. होता तो त्रिकोण. म्हणजे नागपूर ज्या चौकोनाचे मध्यस्थान ठरले तो चौकोन विसाव्या शतकाचे अपत्य आहे. लोहमार्गाच्या इतिहासातही हेच दिसते. मुंबईकडून येणारी रेल्वे नागपूरला १८६७ मध्ये पोचली आणि पूर्वेकडील मार्ग पुढे बंगाल–नागपूर रेल्वेने बांधला. पण दिल्ली–मद्रास हा कर्ण रुळांवर पूर्ण झाला तो बल्लारशा–काझीपेठ हा दुवा १९२९ मध्ये जोडला गेल्यावर. नागपूर स्थानकाजवळ हे दोन कर्ण एकमेकांना रुळांवर छेदतात. रेल्वेने मुंबई–हावडा अंतर १,९६८ किलोमीटर आहे आणि दिल्ली–चेन्नई सुमारे २,१८०. हवाई अंतराहून पहिले सुमारे १८ टक्क्यांनी आणि दुसरे सुमारे २४ टक्क्यांनी अधिक.

विमानांच्या आरंभीच्या इतिहासात मात्र नागपूरला स्थान नव्हते, ही गोष्ट लक्षणीय आहे. टपाल घेऊन उडालेले पहिले विमान हिंदुस्थानातलेच. १८ फेब्रुवारी १९११ रोजी आंरी पेके या फ्रेंच वैमानिकाने अलाहाबादहून यमुनेपलीकडील नैनीपर्यंत सुमारे दहा किलोमीटरांचे उड्डाण केले. नियमित हवाई टपालाच्या काळात साम्राज्याचा मुख्य मार्ग लंडनहून कराचीस येई आणि तेथून दिल्ली, अलाहाबाद, कलकत्ता असा पूर्वेकडे जाई. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईस टपाल आणले. पुढे तेच टपाल नेव्हिल व्हिन्सेंट यांनी बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. हा मार्ग म्हणजे साम्राज्याच्या मोठ्या वाटेला जोडलेली दक्षिणेची फांदी होती. देशाचे हवाई द्वार कराची असताना नकाशाचा तोल वायव्येकडे होता आणि त्या नकाशात नागपूर मध्यावर पडत नव्हते. फाळणीने कराची गेली, लाहोर गेले, आणि उरलेल्या देशाच्या चार मोठ्या शहरांचे कर्ण वऱ्हाड-नागपूरच्या सरहद्दीजवळ येऊन मिळाले. ज्या घटनेने इतके काही उद्ध्वस्त केले तिच्याच एका अनपेक्षित परिणामाने नागपूरच्या आकाशाला महत्त्व आले, असे म्हणणे भाग आहे.

साधनेही युद्धाने दिली. महायुद्ध संपल्यावर लष्कराला नको झालेली डकोटा विमाने स्वस्तात विकली गेली आणि ती घेऊन अनेक खासगी हवाई कंपन्या उभ्या राहिल्या. त्या गरजेहून अधिक झाल्या, हे न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालील १९५० च्या हवाई वाहतूक चौकशी समितीने दाखवून दिले. प्रवासी थोडे, विमाने फार. आणि ती विमाने रात्री रिकामी उभी. अशा वेळी दळणवळण खात्याचे मंत्री रफी अहमद किडवई यांनी रात्रीच्या हवाई टपालाची योजना उचलून धरली. ३० जानेवारी १९४९ रोजी ती सुरू झाली. त्यानंतर दोनच महिन्यांनी, १ एप्रिल १९४९ पासून, साधी पत्रे व पोस्टकार्डे यांसारखे टपालही जादा आकार न घेता, जेथे विमानाने लवकर पोचेल तेथे विमानानेच पाठविण्याचा निर्णय अमलात आला. या दुसऱ्या निर्णयाचे महत्त्व पहिल्याहून कमी नाही. त्यापूर्वी हवाई टपाल हे ज्याला वेगळा आकार परवडेल त्याचे होते. आता पोस्टकार्ड लिहिणाराही विमानाचा ग्राहक झाला. पुढे २ ऑक्टोबर १९५० पासून निळे आंतरदेशीय पत्र निघाले. सोनेगावच्या धावपट्टीवर ज्या थैल्या एका विमानातून दुसऱ्यात जात, त्यांत व्यापाऱ्यांच्या हुंड्या-बिलांबरोबर अशी घरगुती पत्रेही असत.

योजनेची रचना थोडक्यात अशी होती. संध्याकाळपर्यंत जमलेले टपाल घेऊन मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून रात्री एकेक विमान नागपूरकडे निघे. मध्यरात्रीच्या सुमारास चारही विमाने सोनेगावला एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल होई आणि प्रत्येक विमान इतर तिन्ही शहरांचे टपाल घेऊन पहाटेपर्यंत स्वस्थानी परते. काही उतारूही या विमानांतून जात. डकोटाचा वेग ताशी सुमारे २७० किलोमीटर धरला तर मुंबई–नागपूर हा टप्पा अडीच तासांचा, दिल्लीचा तीन तास दहा मिनिटांचा, मद्रासचा तीन तास वीस मिनिटांचा आणि कलकत्त्याचा तीन तास चाळीस मिनिटांचा होतो. सर्वांत जवळचे आणि सर्वांत दूरचे शहर यांत अंतर आहे ते केवळ तासा-सव्वातासाचे. जाण्याला एक टप्पा, येण्याला एक टप्पा आणि मध्ये थैल्या बदलण्यास अवधी, एवढे सारे एका रात्रीत बसते. तेच मुंबईहून थेट कलकत्त्याला जावयाचे तर डकोटाला सहा तासांहून अधिक वेळ लागे; ते विमान त्या रात्री परत येण्याची गोष्टच नको.

येथे कोणी शंका घेईल की, मुंबईचे मद्रासला जाणारे पत्र नागपूरला नेणे हा उफराटा व्यवहार नव्हे काय? मुंबई–मद्रास हवाई अंतर १,०३३ किलोमीटर, नागपूरवरून १,५९१. दिल्ली–मुंबई १,१३८ ऐवजी १,५३८, दिल्ली–कलकत्ता १,३१४ ऐवजी १,८४०, कलकत्ता–मद्रास १,३८५ ऐवजी १,८९३. कर्णांवर वळसा नाहीसा झाला, पण चौकोनाच्या चारही बाजूंवर तो चारशेपासून साडेपाचशे किलोमीटरांपर्यंत वाढला. हिशेब येथेच थांबविला तर योजना तोट्याची ठरेल. पण सहा जोड्यांमध्ये दोन्ही दिशांनी थेट विमाने सोडावयाची तर रात्री बारा उड्डाणे आणि सुमारे १६,६०० किलोमीटर होतात. नागपूरच्या पद्धतीत आठ उड्डाणे आणि सुमारे ६,८६० किलोमीटर, म्हणजे दोन-पंचमांशांहून किंचित अधिक. शिवाय चारही विमाने आणि त्यांचे वैमानिक सकाळी आपापल्या घरी. पत्राच्या दृष्टीने पाहावे तर वळशाला अर्थच राहत नाही. कारण संध्याकाळी टाकलेले पत्र हजार किलोमीटर उडाले काय आणि सोळाशे उडाले काय, ते दुसऱ्या शहरात सकाळच्याच वाटपाला मिळावयाचे. रात्र ही या व्यवस्थेतील खरी मोजपट्टी होती. जे अंतर एका रात्रीत मावते ते सगळे सारखेच, असा या मोजणीचा नियम. मुंबईहून पाहता दिल्ली, मद्रास आणि कलकत्ता ही तिन्ही शहरे १९४९ नंतर टपालापुरती समान अंतरावर आली. हे समानत्व भूगोलात नव्हते, ते वेळापत्रकात होते.

या रचनेत एक अडचण होती आणि ती कलकत्त्याची. मुंबई आणि कलकत्ता यांच्या रेखांशांत साडेपंधरा अंशांहून थोडे अधिक अंतर असल्यामुळे दोन्हींकडील सूर्योदय स्थानिक मानाने एक तासाहून थोड्या अधिक फरकाने होतात. ज्या शहरात पहाट सर्वांत आधी होते तेच शहर नागपूरपासून सर्वांत लांब, आणि मुंबईला, जिला रात्रीची सर्वांत अधिक सवड, टप्पाही सर्वांत लहान. कर्णांचा छेदबिंदू अंतरांची बेरीज किमान करतो, रात्रीची वाटणी समान करीत नाही. केवळ वेळेच्या समतोलाचा विचार केला असता तर मध्यस्थान पूर्वेकडे सरकले असते. पण टपालाला सूर्योदय गाठावयाचा नसतो, सकाळचे वाटप गाठावयाचे असते, आणि भारतीय प्रमाणवेळेने हे वाटप सर्वत्र साधारण एकाच सुमारास होई. प्रमाणवेळेचे हे ऐक्य तेव्हा नवेच होते. कलकत्त्याची स्वतंत्र वेळ १९४८ मध्ये संपली, तर मुंबईत प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे असणारी 'मुंबई वेळ' १९५५ पर्यंत प्रचारात राहिली. चार शहरांची विमाने एका धावपट्टीवर ठरल्या घटकेला आणावयाची तर चारही घड्याळे एक असावीच लागतात. मुंबईच्या गृहस्थाने आपल्या घरातील घड्याळात काहीही वाजविले तरी टपालाच्या विमानाला ते सोयीचे नव्हते.

आकडे मांडताना विमानातील माणसे दृष्टीआड होतात, म्हणून एका घटनेचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. १ ऑगस्ट १९५३ रोजी आठ खासगी कंपन्यांचे एकत्रीकरण होऊन इंडियन एअरलाइन्स कॉर्पोरेशन स्थापन झाले आणि रात्रीचे टपालही त्याच्याकडे आले. त्यानंतर साडेचार महिने होण्यापूर्वीच, १२ डिसेंबर १९५३ च्या रात्री, मद्रासकडे निघालेले डकोटा सोनेगावहून उडताच कोसळले आणि तेरा जण मृत्युमुखी पडले. दोन इंजिनांचे जुने विमान, अंधार, आणि दररोज, ऋतू कोणताही असो, ठरलेल्या वेळी उडण्याचे बंधन, यांवर ती सकाळची पत्रे अवलंबून होती. पुढे या कामावर चार इंजिनांची स्कायमास्टर विमाने आली. स्वस्त टपालाच्या इतिहासात ही किंमतही मांडावी लागेल.

नागपूर शहराला या सर्वांतून काय मिळाले, हा वेगळा प्रश्न आहे. योजना सुरू झाली तेव्हा नागपूर मध्यप्रांत-वऱ्हाडाची राजधानी होते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत ते पद गेले, आणि १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाल्यावर हिवाळी अधिवेशनापुरते त्याचे स्मरण उरले. त्या काळात मध्यरात्रीची अदलाबदल मात्र चालू होती. राजकीय मध्यवर्तित्व गेले तरी टपालाचे राहिले. परंतु ते असे मध्यवर्तित्व होते की, ज्यात शहराचा सहभाग नाममात्र असे. थैल्या येत आणि जात. त्या नागपूरच्या नसत, नागपूरसाठीही नसत. शहर झोपलेले असताना देशाचे टपाल त्याच्या सीमेवर येऊन परत फिरे. बाजारपेठ, गुदामे, कारखाने यांपैकी काही या चौफुलीभोवती वाढले नाही. जेथे माल उतरतो तेथे पेठ वाढते. जेथे तो तासाभरात बदलून पुढे जातो तेथे वाढेलच असे नाही. नागपूरकराला प्रत्यक्ष लाभ होता तो एवढा की, त्याच्या पत्राला चारही दिशांना केवळ अर्धीच वाट चालावी लागे.

ऑक्टोबर १९७३ मध्ये ही सेवा बंद झाली. याची बीजे प्रस्तुत लेखकाच्या मते दहा वर्षे आधीच पडली होती. १९६४ मध्ये इंडियन एअरलाइन्सने कॅराव्हेल जातीची जेट विमाने आणली आणि १९७० च्या सुमारास बोइंग ७३७ आली. ताशी आठशे किलोमीटरांच्या वेगाने मुंबई–कलकत्ता हे अंतर दोन तासांच्या थोडे वर जाते. संध्याकाळचे प्रवासी विमान टपाल घेऊन निघाले तरी ते झोपण्याच्या वेळेपूर्वी पोचते. मग मध्यरात्री कोठे थांबण्याचे कारण काय? डकोटाचा वेग आणि रात्रीची लांबी यांचे जे एक विशिष्ट प्रमाण होते त्याने नागपूरला मध्य केले होते. ते प्रमाण बदलले आणि मध्य विरून गेला. कर्ण तेथेच होते, दोन किलोमीटरांचा वळसाही तेवढाच होता, पण तो वळसा घेण्याची गरज कोणाला उरली नव्हती.

योगायोग असा की, त्याच वर्षी, १७ एप्रिल १९७३ रोजी, अमेरिकेत मेंफिस येथे फेडरल एक्सप्रेस या कंपनीने याच तत्त्वावर आपली सेवा सुरू केली : रात्री सगळी विमाने एका मध्यवर्ती शहरात आणावयाची, पुडकी बदलावयाची आणि पहाटे परत पाठवावयाची. एकीने दुसरीचे अनुकरण केले असे मानण्याचे कारण नाही. तेथे चार शहरे नव्हती, आरंभीच पंचवीस होती. आणि पंचवीस शहरांमध्ये थेट विमाने सोडावयाची तर तीनशे जोड्या होतात. शहरांची संख्या वाढली की वेगवान विमानालाही चौफुली लागते, आणि चारच शहरे असली की ती संथ विमानालाच लागते. नागपूरची व्यवस्था बंद पडली ती कल्पना चुकली म्हणून नव्हे, तर तिची चार शहरे चारच राहिली म्हणून. टपाल खात्याने तिच्यात हैदराबाद, बंगलोर, अहमदाबाद, गुवाहाटी अशी दहा-बारा शहरे गुंफली असती तर जेटच्या काळातही ती टिकली असती काय, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. तसे झाले असते तर छेदबिंदूचा सिद्धांत लागू राहिला नसता आणि नागपूरचे स्थान पुन्हा मोजावे लागले असते, हेही खरे.

एकविसाव्या शतकात सोनेगावच्या विमानतळाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव दिले गेले आणि त्याच्या परिसरात 'मिहान' या प्रकल्पाच्या रूपाने मालवाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय केंद्राची योजना आखण्यात आली. तिच्या समर्थनार्थ नागपूर देशाच्या मध्यावर आहे हा मुद्दा नेहमी पुढे येतो आणि त्याबरोबर शून्य मैलाच्या स्तंभाचे चित्रही. स्तंभाऐवजी १९४९ चे वेळापत्रक पुढे ठेवले तर चर्चा अधिक फलदायी होईल. कारण त्यात कोणती शहरे, कोणते विमान, किती तास, हे तिन्ही प्रश्न विचारलेले आणि सोडविलेले आहेत.

शेवटी छेदबिंदूविषयी. दोन कर्ण प्रत्यक्षात कोठे मिळतात हे काढून पाहिले असता ते स्थान सोनेगावच्या नैर्ऋत्येस सुमारे साठ किलोमीटरांवर, वर्धा आणि हिंगणघाट यांच्या दरम्यान, येते. हिंगणघाटापासून ते दहा-पंधरा किलोमीटरांवर असावे. तेथे शेते आहेत. त्या शेतांत विमानतळ न बांधता तयार धावपट्टी, रेल्वे आणि टपाल कचेरी असलेले नागपूर निवडण्याने वाढले ते अंतर सगळे मिळून चार किलोमीटर. हिंगणघाटचा उल्लेख आला म्हणून सांगावयाचे : १८०२ मध्ये मद्रासजवळ आधाररेषा मोजून ज्याने या देशातील दूरदूरच्या स्थळांमधील अंतरे पृथ्वीची गोलाई धरून काढण्यास आरंभ केला, तो विल्यम लॅम्ब्टन हैदराबादहून आपले ठाणे नागपूरला हलवीत असताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटलाच वारला. त्याची कबर तेथे आहे.